‘स्मशानातील सोनं’ वाचून तुम्हाला काय झालं?

अण्णाभाऊ साठेंची ही कथा काल पुन्हा वाचली. खाण बंद पडते, भीमा स्मशानातली राख चाळून सोनं शोधू लागतो आणि मग पुरलेली प्रेतं उकरण्यापर्यंत जातो. वाटेगावातून मुंबईला येऊन मिळेल ते काम केलेल्या माणसानं हे लिहिलंय, हे ओळीओळीत जाणवतं. तुम्ही ती कधी वाचलीत, तेव्हा काय आठवलं? समीक्षा नको, आपलं सांगा.

*

आमचे आजोबा झारेकरी. सोनारांच्या दुकानातला केर, भट्टीची राख विकत घेऊन धुवायची आणि त्यातून कण काढायचे. त्यामुळे राख चाळणारा भीमा मला घरचाच वाटला. तो रात्री पहार घेऊन निघाला तेव्हा मात्र पुस्तक मिटलं. दोन दिवसांनी पुन्हा उघडलं.

*

मला कोल्हे विसरता येत नाहीत. एका प्रेतासाठी माणूस आणि जनावरं झुंजतात, सगळेच भुकेले.

*

माझे वडील गिरणीत साचेवाले होते. 1982 च्या संपात काम गेलं ते गेलंच. आधी आईच्या पाटल्या गेल्या, मग गावची शेळी, मग माझी शाळा बदलली. वडील सकाळी डबा न घेता बाहेर पडायचे, कुठे जायचे ते आम्ही कधी विचारलं नाही. पुढे त्यांना दिसेनासं झालं तेव्हा मी रोज काहीतरी वाचून दाखवायचो. एकदा ही कथा घेतली. प्रेताच्या जबड्यात भीमाची बोटं अडकतात तिथे माझा आवाज बसला. “वाच पुढं,” म्हणाले. बोटं कापावी लागतात आणि त्याच दिवशी खाण सुरू होणार असल्याचं कळतं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्याची खाण उघडली तरी.”

*

शेवट जुळवून आणलाय असं काही जण म्हणतात. मला अजिबात पटत नाही. मी खडी क्रशरवर सुपरवायझर आहे. मागणी घटली की मजुरांना ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणायचं आणि वाढली की पुन्हा बोलवायचं, हेच चालतं. दर वेळी दोघं-तिघं परतत नाहीत. मधल्या दिवसांत त्यांनी काय खाल्लं, काय विकलं, कुणी विचारत नाही. कथा वाचल्यापासून मी विचारतो. मागच्या पावसाळ्यात एकाच्या घरी किराणा पोचवला, बाकीच्यांसाठी मालकांशी अजून भांडतोय.