टेस्लाच्या लॉकला एसटीची घंटी लावायचीये, मदत हवी

सातारकर_एडिसन: मंडळी, माझी २०२२ ची मॉडेल वाय आहे, न्यू जर्सीत असतो. २०२३ च्या हॉलिडे अपडेटपासून (टेस्लाचं वर्षाअखेरीचं सॉफ्टवेअर अपडेट) गाडी लॉक झाल्यावर वाजणारा आवाज आपला आपल्याला बदलता येतो, तर मला तिथे एसटीची घंटी हवीये. बाबा आयुष्यभर कंडक्टर होते, पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच येतायत इकडे. पेनड्राइव्हवर एमपीथ्री टाकली पण गाडी ती दाखवतच नाही. आणि घंटीचं स्वच्छ रेकॉर्डिंग पण मिळेना, सगळीकडे इंजिनाचीच घरघर. नाहीतर सरळ आकाशवाणीची धून लावू का?

वायरमन७८: एमपीथ्री चालत नाही, वॅव फाइलच लागते, १ एमबीच्या आत. फाइलचं नाव लॉकचाइम, एल आणि सी कॅपिटल, मधे स्पेस नको, आणि कुठल्याही फोल्डरात न घालता पेनड्राइव्हवर बाहेरच ठेव. मग गाडीच्या स्क्रीनवर टॉयबॉक्स, त्यात बूमबॉक्स, तिथे लॉक साउंडमध्ये यूएसबी निवड. लॉक कन्फर्मेशन साउंड चालू आहे ना ते आधी बघ. ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) मोनो करून घे, १ एमबीत स्टिरिओत जेमतेम साडेपाच सेकंद बसतात, मोनोत दुप्पट.

पहाटेचा_रेडिओ: आकाशवाणीची धून माझा जीव की प्राण आहे, वॉल्टर कॉफमननी १९३६ साली केलेली, पण ती तंबोऱ्यावर सावकाश उलगडते रे, पाच सेकंदात तोडलीस तर वाईट वाटेल. घंटीच लाव. बाहेरचा स्पीकर छोटा असतो, पितळेची टणटण त्यावर खणखणीत येईल.

डबलबेल: एकच टोला ठेव हां! एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. गाडी लॉक करताना डबल बेल वाजली तर बाबांच्या कानाला ते लगेच खटकेल. आणि रेकॉर्डिंग गावाकडनं मागवणार असशील तर व्हॉइस नोट नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, नाहीतर घंटीची मागची गुंजच जाते.

सातारकर_एडिसन: झालं!! बाबांच्या जुन्या ड्रायव्हर मित्राकडे एक घंटी निघाली, दोरीसकट. काकांनी अंगणात टांगून वाजवली, रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीला दोरी ओढल्याचा बारीक करकर आवाज आहे, तो मी कापला नाही. एकच टोला, चार सेकंद. काल रात्री पार्किंगमध्ये तीनदा लॉक-अनलॉक करून ऐकला. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.