चॉकलेटबरोबर ड्राय रेड वाइन: ही जोडी मला अजिबात पटत नाही

गंगाकाठ (नाशिक)

फेब्रुवारीत आमच्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोड जोरात असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत वायनऱ्यांमध्ये 'वाइन आणि चॉकलेट'चे कार्यक्रम लागतात. गेल्या रविवारी पाहुण्यांना घेऊन अशाच एका कार्यक्रमाला गेलो होतो. वाइनचे चार ग्लास आणि चॉकलेटचे चार तुकडे समोर आले.

शिराझ, म्हणजे त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची ड्राय रेड, आधी नुसती चाखली. पिकलेलं जांभूळ, मागून काळी मिरी, छान होती. मग मिल्क चॉकलेटचा तुकडा खाऊन तीच शिराझ पुन्हा घेतली, तर आंबट! फळ कुठल्या कुठे गेलं आणि कच्ची सुपारी चावल्यासारख्या हिरड्या कोरड्या पडल्या. शेजारी बसलेल्या वहिनींनी ग्लास बाजूला सारला. "मला वाइन आवडतच नाही बहुतेक," म्हणाल्या. आयुष्यातली त्यांची पहिलीच वाइन होती ती. मी स्वतः शिराझ लावतो, छाटणीपासून तोडणीपर्यंत तिच्यामागे असतो. ते ऐकून फार वाईट वाटलं.

कारण साधं आहे. जिलबी खाऊन चहा प्या, चहा बिनसाखरेचा लागतो. ड्राय वाइनमध्ये साखर जवळपास उरलेलीच नसते. गोड खाल्ल्यावर तिचा आंबटपणा आणि तुरटपणा तेवढा जिभेवर राहतो. वाइन नेहमी सोबतच्या पदार्थापेक्षा गोड हवी, हा जुना नियम आहे आणि मला तो शंभर टक्के मान्य आहे. चॉकलेटसोबत ड्राय रेड देणं बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कडूकोको

असहमत. तुमची तक्रार मिल्क चॉकलेटची आहे आणि शिक्षा सगळ्या चॉकलेटला देताय. मिल्क चॉकलेटमध्ये निम्म्याच्या आसपास साखर असते, तिथे शिराझ मार खाणारच. मी गेली कित्येक वर्षं 80-85 टक्के कोकोचं चॉकलेट आणि रेड वाइन एकत्र घेतोय. 85 टक्क्यांच्या 100 ग्रॅम वडीत साखर साधारण 15 ग्रॅम. जिलबीचा दाखला इथे लागूच होत नाही, आवळ्याचा लागतो. आवळा खाऊन पाणी प्यायलं की पाणी गोड लागतं. कडू चॉकलेटनंतर वाइनमधलं फळ मला तसंच वर आलेलं जाणवतं.

गंगाकाठ

आवळ्यानंतर पाणी गोड लागतं खरं, पण पाण्याला स्वतःचा तुरटपणा नसतो. इथे दोन्हीकडे तुरट आहे. कोकोत तुरट द्रव्यं, रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीचं आणि बियांचं टॅनिन. दोन्ही लाळेतल्या प्रथिनांना धरतात आणि तोंड कोरडं पाडतात. आवळ्यावर आवळा खाल्ला तर काय होईल?

तुलूझकर

मी फ्रान्सच्या दक्षिणेत राहतो. इथे लोक चॉकलेटच्या केकबरोबर बान्यूल्स ही गोड वाइन काढतात. स्पेनच्या सीमेला लागून, भूमध्य समुद्रावर उतरणाऱ्या पाटीच्या दगडाच्या डोंगरउतारांवर तिच्या बागा आहेत. द्राक्ष मुख्यतः ग्रनाश. रस आंबत असतानाच मध्ये अल्कोहोल घालतात, त्याने यीस्ट मरतं आणि द्राक्षाची साखर वाइनमध्ये शिल्लक राहते. जवळच्या मोरी नावाच्या गावातही असंच करतात, आणि तिथे काही वाइन काचेच्या मोठ्या फुगीर बरण्यांत भरून अंगणात उन्हापावसात मुरत ठेवतात. आपल्या लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवतात ना, मला पहिल्यांदा बघून तेच आठवलं. वास सुक्या अंजिराचा, अक्रोडाचा, थोडा कॉफीचा. 70 टक्के चॉकलेटसमोर ती तसूभर मागे हटत नाही. त्यामुळे माझं मत गंगाकाठ यांच्या बाजूने.

पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली पोर्टही याच पद्धतीची. अल्कोहोल साधारण 20 टक्के, साखर लिटरला 100 ग्रॅमच्या आसपास. स्पेनमधली पेद्रो हिमेनेस तर उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची. काकवीसारखी दाट, साखर लिटरला 200 ग्रॅमच्या वर.

मडगावकर

पोर्टचा विषय निघाला म्हणून सांगतो. गोव्यात 'पोर्ट वाइन' म्हणून जी स्वस्त गोड लाल वाइन मिळते, ती दोरूची पोर्ट नव्हे. बरेच पर्यटक गोंधळतात. मात्र नाताळात घरी आम्ही तीच काढतो.

कोकोबी (पुणे)

मी घरी चॉकलेटं करून विकते, म्हणून वेगळा मुद्दा मांडते. गंगाकाठ, तुमच्यासमोर आलेलं ते चॉकलेट होतं तरी का? बाजारात सर्रास कंपाउंडच्या लाद्या वापरतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते. कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं, म्हणजे तोंडाच्या उबेने तुकडा पातळ होतो आणि घोटाबरोबर निघून जातो. कंपाउंडचा मेणासारखा थर टाळूला चिकटून बसतो. त्यावर कितीही चांगली वाइन ओता, चव पोचणार नाही. पुढच्या वेळी तुकडा न चावता जिभेवर धरून बघा. टाळूवर मेण राहिलं तर दोष वाइनच्या जोडीचा नाही. केरळातल्या इडुक्कीच्या कोकोपासून आता फार सुंदर चॉकलेटं होतात, ती घेऊन मग निकाल द्या.

कडूकोको

कोकोबी, अगदी बरोबर.

तुलूझकर, वाचून तोंडाला पाणी सुटलं, पण बान्यूल्स आमच्या गावात मिळत नाही आणि पोर्टची बाटली शुल्क धरून परवडत नाही. इथल्या माणसाच्या हाताशी नाशिकची शिराझ आहे, अकलूजची सांजोवेझे आहे. 'हे एकत्र चालतच नाही' म्हटलं की विषयच संपला. त्यापेक्षा चॉकलेट बदला, वर मिठाचे दोन खडे टाका. मिठाने कडूपणा खाली बसतो.

गंगाकाठ

हाताशी गोड वाइनही आहे की. लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ नाशिकचीच. द्राक्ष वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर चढू देतात. छोटी बाटली मिळते, एका संध्याकाळी संपते.

तरी तुमचं म्हणणं मनात राहिलं होतं, म्हणून काल रात्री घरी करून पाहिलं. इडुक्कीचं 85 टक्के चॉकलेट, वर मीठ, सोबत शिराझ. शिराझ आंबट झाली नाही. तेवढं माझं चुकलं, मान्य. मीठ घातल्याने तुरटपणाही सोसवला. पण जांभूळ गेलं ते गेलंच. मिरी तेवढी राहिली. वर्षभर ज्या फळासाठी राबायचं तेच हरवत असेल, तर मी माझ्या हाताने ती जोडी कुणाला वाढणार नाही.

मग लेट हार्वेस्ट. डार्कसमोर ती पार दबली. भाजलेले बदाम घातलेल्या मिल्क चॉकलेटबरोबर मात्र सुरेख बसली, मधासारखी, शेवटी थोडी आंबटसर. येत्या शनिवारी वहिनींना तीच देणार आहे.

कडूकोको

वहिनींना जरूर तीच द्या. पण जे हरवलं म्हणता ना, जेवणानंतर मला ते फळ नकोच असतं. मिरी आणि तो कोरडेपणा, तेवढ्यासाठीच मी रात्री एक तुकडा तोडतो.