शब्दचर्चा: 'फॉग ऑफ वॉर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न, परभणीहून:

भाच्याला 'वॉरगेम: रेड ड्रॅगन' शिकवायलोय. २०१४ चा खेळ, म्हणजे जुनाच, पण माझ्या लॅपटॉपला तेवढाच झेपतो. शीतयुद्धाच्या काळातले रणगाडे, हेलिकॉप्टरं, पायदळ. गोळ्या संपतात, डिझेल संपतं, फार मारा झाला की शिपाई घाबरून मागं पळतात. पोरगं नववीत, सेमी इंग्लिशला. तरी 'फॉग ऑफ वॉर' म्हटल्यावर माझ्या तोंडाकडं बघत राहिलं. मी म्हटलं, युद्धाचं धुकं. तर म्हणतो, "मामा, धुकं कुठंय? सगळं लख्ख दिसायलंय की."

त्याचं चूक नाही. या खेळात डोंगर, रस्ता, गाव, झाड न् झाड पहिल्यापासून दिसतं. दिसत नाही तो फक्त शत्रू, जोवर आपल्यातल्या कुणाची नजर त्याच्यावर पडत नाही. रणगाड्याची नजर अधू, टेहळणीच्या तुकडीची तीक्ष्ण. झाडीत दडलेला दिसत नाही, पण त्यानं गोळी झाडली की सापडण्याची शक्यता वाढते. याला एक शब्द द्या.

लातूरहून:

धुई म्हणा की. आपल्याकडं धुकं कुठं पडतं, धुई पडते. तूर फुलात असताना धुई आली की फूल गळतं, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. 'युद्धाचं धुकं' हे वर्तमानपत्री आहे, ऐकताना दात शिवशिवतात.

परभणी:

शब्द गोड आहे, पण खरीच धुई पडली तर तिला काय म्हणू? 'कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स' नावाचा खेळ आहे, त्यात ढग, पाऊस, समुद्राची खळबळ हे सगळं वेगळं धरतात. तिथं एकाच वाक्यात दोन धुया यायच्या.

छत्रपती संभाजीनगरहून:

आम्ही कॅफेत 'एज ऑफ एम्पायर्स' खेळायचो तेव्हा 'अंधारी' म्हणायचो. "आधी अंधारी उघड, मग घोडे काढ." देवगिरीच्या किल्ल्यात जी अंधारी आहे, वळणावळणाची, काळोखी, पायऱ्यांची, तिच्यावरून. शाळेच्या सहलीत प्रत्येकानं तिच्यात किंचाळून घेतलेलं असतं. आत शिरणाऱ्याला पुढचं दिसू नये म्हणूनच ती केलेली, त्यामुळं अर्थही चपखल बसतो. डोळ्यांपुढं अंधारी येते ती वेगळी, पण तीही बसते.

परभणी:

हा मला सगळ्यात आवडला. फक्त त्या जुन्या खेळात नकाशाच काळा असायचा, जाऊन पाहिल्याशिवाय जमीन उघडायची नाही. तिथं अंधारी शंभर टक्के. इथं जमीन उघडी आहे आणि माणूस लपलेला. कागदी नकाशा हातात असलेल्या सेनापतीची हीच गत असते, म्हणून तर याला वास्तवदर्शी खेळ म्हणतात.

अंबाजोगाईहून (इतिहासाचा शिक्षक आहे, लांबलं तर माफी):

धुक्याची उपमा प्रशियाचा सेनाधिकारी आणि युद्धविचारवंत क्लॉझेविट्स याची. त्याचं लेखन तो गेल्यावर, १८३२ पासून छापलं गेलं. त्याचं म्हणणं असं, की लढाईतले निर्णय ज्या गोष्टींवर घ्यायचे त्यांतल्या तीन चतुर्थांश गोष्टी कमीअधिक अनिश्चिततेच्या धुक्यात असतात. म्हणजे त्याला डोळ्यांना न दिसणं एवढंच म्हणायचं नव्हतं, नीट न कळणं म्हणायचं होतं. खेळ करणाऱ्यांनी कळण्याचं दिसणं केलं. शब्द शोधताना आधी ठरवा, तुम्हाला दोन्हींतलं कोणतं हवंय.

भोकरदनहून:

सरांच्या म्हणण्याचं उदाहरण आमच्याच भागात आहे. असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, त्याला वाटत होतं, शिंदे-भोसल्यांचं सैन्य भोकरदनकडं आहे. त्या दिवशी कळलं, ते चार-पाच मैलांवरच उभं आहे. मध्ये केळणा नदी. वाटाडे म्हणाले, इथं उतार नाही. त्यानं पाहिलं, दोन्ही काठांवर समोरासमोर गावं आहेत. ज्या अर्थी गावं समोरासमोर, त्या अर्थी माणसं ये-जा करतच असणार. उतार निघाला. आता यात धुकं कुठं होतं? सप्टेंबरात आमच्याकडं स्वच्छ दिसतं. शिळी होती ती खबर.

(आणि 'उतार' हा शब्द भाच्याला जरूर द्या. नदी पायी ओलांडायची जागा. 'रिव्हर क्रॉसिंग' कशाला म्हणायचं?)

नांदेडहून, निवृत्त सुभेदार:

आम्ही धुकंबिकं काही म्हणत नव्हतो. 'खबर नाही' एवढंच. खबर आहे, खबर नाही, खबर जुनी आहे. बाकी तुम्ही टेहळणी म्हणता त्याला आम्ही रेकी म्हणायचो.

परभणी:

सुभेदार साहेब, रेकी म्हणून पाहिलं. भाचा म्हणाला, "रेकी तर चोर करतात." पेपरात दर आठवड्याला येतं, चोरट्यांनी आधी घराची रेकी केली. शब्द पार पोलीस ठाण्यात जमा झालाय. 'छावणी'चंही तेच. पुढच्या तळाला मी छावणी म्हटलं, तर माझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "चारा कोण टाकायलंय?" २०१३ च्या दुष्काळात आमची दोन जनावरं छावणीला होती. आघाडी आणि मोर्चा तर काढूच नका. मोर्चा म्हणजे तोफा लावून धरायची जागा होती म्हणे, आता कलेक्टर ऑफिस. 'पुढचा तळ' ठेवलाय, तो बरा चालतो.

वैजापूरहून:

रसद मात्र अजून कोरी राहिलीय बघा. तिला कुठल्या पक्षानं हात लावला नाही. १७२८ ला आमच्या पालखेडला बाजीरावानं निजामाची रसद आणि पाणी तोडलं, मोठी लढाई न देता त्याला तहाला आणलं. 'सप्लाय'ला डोळे झाकून रसद म्हणा.

परभणी:

रसद चालूच आहे, पण एक खुट्टी आहे. खेळातल्या त्या ट्रकमधून डिझेल, दारूगोळा आणि दुरुस्ती तिन्ही मिळतं. रसद म्हटलं की मला धान्याची पोती दिसतात. असो, भाच्याला पोती दिसत नाहीत, त्याला ट्रकच दिसतो. त्याच्यापुरता अर्थ आपोआप सरकला.

मूळ शब्दाकडं येतो. काळ्या नकाशाला अंधारी, हे पक्कं. धुई आभाळाची, ती आभाळालाच ठेवू. जुनी झालेली माहिती म्हणजे शिळी खबर. 'कमांड'मध्ये तर हे अक्षरशः दिसतं, हरवलेल्या जहाजाभोवतीचा 'इथं कुठंतरी असेल' हा पट्टा वेळ जाईल तसा फुगत जातो. राहिला तो जमीन दिसते पण शत्रू दिसत नाही, हा प्रकार. त्याला मी 'नजरेआड' लिहून ठेवलं होतं. "डोंगरापलीकडचं नजरेआड आहे," वाक्यात बसतं.

लातूर:

नाम नाही झालं ते. क्रियाविशेषण आहे.

परभणी:

हौ, ते खरंय. पण काल रात्री भाच्यानं काय केलं सांगतो. टेकडीमागं माझे तीन रणगाडे होते, त्यानं दोन मिनिटं वाट पाहून, एक गाडी झाडीत सरकवली आणि स्वतःशीच बोलला, "तिकडचं दिसंना, आधी बघून येतो." नाम, क्रियाविशेषण काहीच नाही. नंतर माझे तिन्ही गेले.