उलटणाऱ्या गाईला प्रोजेस्टेरॉन सरसकट द्यावे का?

पशुवैद्यक, चोपडा: वारंवार उलटणाऱ्या, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येणाऱ्या गाईला रेतनानंतर लगेच प्रोजेस्टेरॉन (गाभणपण टिकवणारे संप्रेरक) द्या, असा आग्रह आपल्या खानदेशात गोठ्यागोठ्यांतून धरला जातो, माझा त्याला ठाम विरोध आहे. हे संप्रेरक गर्भाशयातील पेशीच्या ग्राहकाशी (संप्रेरकाला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाशी) जोडले जाते आणि ती जोडी डीएनएवर ठरावीक जागी बसून काही जनुके सुरू, तर काही बंद करते. ग्राहकच नसतील, तर रक्तातील प्रोजेस्टेरॉन कितीही वाढवले तरी त्या पेशीवर थेट परिणाम होत नाही. माजातील इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे हे ग्राहक वाढतात. पुढे प्रोजेस्टेरॉन सतत मिळत राहिले की अस्तराच्या पेशी तेच ग्राहक कमी करतात. त्यानंतर ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकाचे ग्राहक उमटतात, गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन हे रसायन स्रवते, पीतपिंड (अंडाशयातील प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) मोडतो आणि साधारण २१ दिवसांनी गाय पुन्हा माजावर येते. इंजेक्शन फार लवकर दिले, तर हा क्रमच अलीकडे सरकून पीतपिंड वेळेआधी मोडू शकतो.

दूध उत्पादक, शिरपूर: डॉक्टरसाहेब, आपली मांडणी मान्य करूनही निष्कर्ष मला पटत नाही. पहिल्या आठवड्यात प्रोजेस्टेरॉन वाढवले तर गर्भाशयातील स्राव लवकर बदलतात आणि गर्भाची लांबी लवकर वाढते, हेही गाईंवरील प्रयोगांत दिसलेले आहे. मे महिन्यात तापीकाठी पारा ४४ अंशांपुढे जातो, गाई फळत नाहीत, आणि प्रत्येक उलटण्यामागे तीन आठवड्यांचा चारा वाया जातो. अशा वेळी हाताशी असलेला उपाय सोडावा कसा?

पशुवैद्यक, चोपडा: लांबलेल्या गर्भाचा मुद्दा आपण काढलात, त्यातच माझे उत्तर आहे. तो गर्भ १६-१७ व्या दिवसाच्या सुमारास इंटरफेरॉन-टाऊ हे संदेश देणारे प्रथिन सोडतो, त्यामुळे ऑक्सिटोसिनच्या ग्राहकाचे जनुक दाबले जाते आणि पीतपिंड टिकतो. मात्र माज चुकीचा ओळखल्याने फलनच झाले नसेल, तर गर्भ येणार कोठून? गर्भाशयात संसर्ग असेल, तर प्रोजेस्टेरॉन तिथली प्रतिकारशक्ती आणखी मंदावते. म्हणून आधी तपासणी झालीच पाहिजे.

दूध उत्पादक, शिरपूर: संसर्ग असलेल्या गाईला ते देऊ नये, हे मी निःशंकपणे मान्य करतो. परंतु माज नीट ओळखलेली, निर्मळ सोट (माजातील चिकट स्राव) देणारी गाय तिसऱ्यांदा उलटत असेल, तर पाचव्या दिवसानंतर प्रोजेस्टेरॉन देऊन पाहण्यास आपला आक्षेप नेमका कशाला आहे, हे कृपया स्पष्ट करावे.