ब्राझीलला पहिल्यांदाच जातोय, जेवणाचं आणि विजेचं सांगा

प्रश्न: जुलैमध्ये आधी रिओ, मग ॲमेझॉनच्या जंगलातलं मनाउस शहर. दोघंही शाकाहारी. सोबत किटली नेतोय, चालेल का?

उत्तर: 'पोर किलो' म्हणजे 'किलोप्रमाणे' अशी पाटी असलेली खानावळ शोधा. ताट आपणच वाढून घ्यायचं, वजनकाट्यावर ठेवायचं, वजनाप्रमाणे पैसे. भात, भाज्या, काळा घेवडा सगळं समोर दिसतं. घेवड्याला मात्र जपा! मी पहिल्याच दिवशी डाव तळाशी घातला, तर वर मांसाचे तुकडे आले. तेव्हापासून दर वेळी 'तें कार्नी?' म्हणजे 'मांस आहे का?' असं विचारूनच वाढून घेतलं. लोक फार मायेनं सांगतात.

किटलीचं म्हणाल तर रिओत १२७ व्होल्ट, राजधानी ब्राझिलियात २२०. आपली २२०ची किटली रिओत तापता तापत नाही. मोबाइलच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असेल तर निर्धास्त राहा.

प्रश्नकर्ता: किटली राहू दे मग. मनाउससाठी लस?

उत्तर: पिवळ्या तापाची, निदान १० दिवस आधी. प्रमाणपत्र हातातल्या बॅगेतच ठेवा, भारतात परतताना विमानतळावर लागतं.