गाडगीळ अहवाल: निर्णय कुणी घ्यायचा?

घाटवाट: कालच्या धाग्यात एकाने लिहिलं, 'शास्त्रज्ञाने अहवाल द्यावा आणि बाजूला व्हावं. गाडगीळांनी निर्णयात ग्रामसभांना मध्ये आणून विज्ञानाचं राजकारण केलं.' संताप आला वाचून. पश्चिम घाट कसा जपायचा यावर पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये दिलेला अहवाल दाबून ठेवला पर्यावरण मंत्रालयाने. माहिती अधिकार, केंद्रीय माहिती आयोग, मग दिल्ली उच्च न्यायालय, एवढं झाल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांना दिसला. आणि राजकारण शास्त्रज्ञांनी केलं?

नकाशेवाला: ते लिहिणारा मीच. दाबला ते चुकलं, तेवढं मान्य. पण दरड कुठे कोसळेल हे हात वर करून ठरतं का?

कलमवाला: आमच्याकडे अहवाल आला तो अफवा बनूनच. घर बांधता येणार नाही, कलमं लावता येणार नाहीत! पुढे गाडगीळ अहवाल तपासायला नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीच्या वेळी सभेत इंग्रजी नकाशा भिंतीला लावला. बाबांनी विचारलं, आमचा सर्व्हे नंबर यात कुठे? कुणाला दाखवता आला नाही.

खाडीकाठ: अफवा कुणी पसरवल्या ते पण सांगा. चिरेखाणवाल्यांनी, जांभा दगड काढणाऱ्यांनी. आमच्या वरच्या वाडीची विहीर खाणीमुळे आटली.

कलमवाला: चिरा नको तर घर कशाने बांधायचं? पुण्यात फ्लॅटमध्ये बसून खाणी बंद करा म्हणणं सोपं आहे.

खाडीकाठ: पुणं कुठून काढलंत? मी चिपळूणची. घराला चिरा लागतो हे मलाही कळतं, रात्रभर ट्रक कुणाच्या घरासाठी भरतात ते सांगा. माझा मामा दाभोळच्या खाडीत जाळं टाकायचा, आता टाकत नाही. रासायनिक पाण्याने मासळीच उरली नाही. वाचा तोच अहवाल: रत्नागिरी जिल्ह्यात ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात १९१ दिवस जमावबंदी. प्रदूषणाविरुद्ध लोकांनी एकत्र यायचंच नाही! हे गाडगीळांनी लिहिलं म्हणून ते राजकारणी?

नकाशेवाला: आवाज चढवू नका. जमावबंदी चूकच. तरी नकाशा तज्ज्ञांनीच आखावा.

घाटवाट: आखू देत की. पण तज्ज्ञ आणि सरकार यांच्यावर सोडून काय झालं? माळीण, ३० जुलै २०१४, दरडीखाली दीडशेवर माणसं गाडली गेली. केरळातलं वायनाड, ३० जुलै २०२४, तिथेही दरड. आणि दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, केंद्राने पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना काढली. सहाव्यांदा. अजून मसुदाच!

कलमवाला: सातव्यांदा काढाल तेव्हा मराठीत काढा, सर्व्हे नंबर टाकून. ग्रामसभेत वाचून दाखवा. मग माझी सही घ्या. पण चिऱ्यावरचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.