फोटो चाळताना फक्त जेपीजी दिसायला हव्यात, रॉ नकोत. कोणता व्ह्यूअर घ्यावा?

तिपाई
नमस्कार मंडळी. लग्नाचं काम निकॉनवर रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपीजी असं दोन्हींत होतं. कार्ड रिकामं केलं की एकाच फोल्डरमध्ये .एनईएफ (निकॉनची रॉ), .जेपीजी, .एक्सएमपी (फोटोची माहिती ठेवणारी जोडफाइल) आणि अधूनमधून .एमओव्ही (व्हिडिओ) असा सगळा माल असतो. घरची मंडळी अल्बमसाठी फोटो निवडायला बसतात तेव्हा पुढचा बाण दाबला की तोच फोटो परत येतो, नाहीतर मधेच व्हिडिओ सुरू होतो.

हवंय ते एवढंच: चाळताना फक्त जेपीजी दिसाव्यात, रॉ जागच्या जागी राहाव्यात, आणि निवडलेल्या फोटोंच्या रॉ नंतर सहज बाजूला काढता याव्यात. डेस्कटॉपवर उबंटू आहे, लॅपटॉपवर विंडोज 11. विकतचं सॉफ्टवेअर शक्यतो नको. इरफानव्ह्यू या व्ह्यूअरच्या एक्स्टेन्शन्स पानावर एनईएफची खूण काढली तरी बाणाने एनईएफ येतच राहते, ती का?

खिडकीतला
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. एक्स्टेन्शन्सचं पान ‘कोणत्या फाइलवर डबल क्लिक केल्यावर हा प्रोग्राम उघडायचा’ एवढंच ठरवतं. ते विंडोजशी केलेलं असोसिएशन आहे. फोल्डरमध्ये पुढे-मागे जाताना कोणत्या फाइली यादीत घ्यायच्या, हा निराळा विषय. एनईएफची खूण काढलीत म्हणजे एनईएफवर डबल क्लिक केल्यावर दुसरं काहीतरी उघडेल, बाणाच्या यादीत फरक पडणार नाही.

हा भेद नोमॅक्स या व्ह्यूअरमध्ये सगळ्यात स्वच्छ दिसतो. तिथे प्रेफरन्सेसमध्ये फाइल असोसिएशन्स या पानावर प्रत्येक प्रकारासमोर ब्राउझ आणि रजिस्टर अशा दोन वेगळ्या चौकटी आहेत. रजिस्टर म्हणजे असोसिएशन, ब्राउझ म्हणजे चाळण्याची यादी. निकॉन रॉच्या ओळीतली ब्राउझची खूण काढा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा, काम झालं. मुक्त प्रणाली आहे, उबंटू आणि विंडोज दोन्हींवर चालते.

विंडोजवर दुसरा चांगला पर्याय एक्सएनव्ह्यू एमपी. व्ह्यू मेनूत फिल्टर बाय आहे. व्हिडिओ घालवायला ते पुरतं, कारण एका क्लिकमध्ये फक्त चित्रं ठेवता येतात. रॉ मात्र त्याच्या लेखी चित्रच, तेव्हा त्यासाठी स्वतःची एक्स्टेन्शनची यादी द्यावी लागते. घरगुती वापराला फुकट आहे. तुमचं काम व्यावसायिक आहे, त्यामुळे परवाना घ्यावा लागेल.

पेंग्विनवाला
उबंटूवर डोळे झाकून गीकी घ्या. मांडणी जुन्या वळणाची आहे, पण फाइलींच्या प्रकारांवर इतका बारीक ताबा दुसऱ्या हलक्या व्ह्यूअरमध्ये मिळत नाही.

एडिट, प्रेफरन्सेस, फिल्टरिंग असं जा. तिथे एक तक्ता दिसेल: प्रत्येक ओळीत चालू-बंदची चौकट, एक्स्टेन्शन, वर्णन आणि वर्ग. वर्ग म्हणजे इमेज, रॉ इमेज, मेटाडेटा, व्हिडिओ वगैरे. एमओव्हीची चौकट बंद केलीत की व्हिडिओ यादीतून गेले. काही चुकलं तर डिफॉल्ट्स बटणाने तक्ता मूळपदावर येतो. त्याच पानावर डिसेबल फाइल फिल्टरिंग अशी चौकट आहे. तिला खूण असेल तर खालच्या तक्त्यात काहीही केलं तरी सगळ्या फाइली दिसतात. ‘फिल्टर चालत नाही’ अशी तक्रार असली की आधी तीच बघावी.

एनईएफची चौकट मात्र बंद करू नका.

तिपाई
ती का? नको आहे ती एनईएफच ना?

पेंग्विनवाला
कारण फिल्टरने लपवलेली फाइल गीकीच्या हिशेबातच नसते. तुम्ही डोळे मिटलेली जेपीजी उडवलीत की तिची एनईएफ डिस्कवर तशीच पडून राहते. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक एनईएफ साधारण 20 ते 30 एमबी असते. एका लग्नात अशा अनाथ फाइली किती साठतील बघा. जेपीजी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली किंवा नाव बदललं तर जोडीच तुटते, आणि ती पुन्हा जुळवणं फार कटकटीचं असतं.

तुम्हाला लपवणं नको, गट करणं हवं. त्याच फिल्टरिंग पानावर ग्रुपिंग साइडकार एक्स्टेन्शन्स अशी एक ओळ आहे (साइडकार म्हणजे मुख्य फाइलीची जोडफाइल). तिच्यात अर्धविरामांनी तोडलेली यादी असते: आधी .जेपीजी, मग %रॉ, पुढे .एक्सएमपी वगैरे (खऱ्या ओळीत हे सगळं रोमन लिपीत टंकायचं). %रॉ म्हणजे रॉ वर्गातली सगळी एक्स्टेन्शन्स. सारख्या नावाच्या फाइलींचा एक गट होतो, आणि यादीत जे आधी ते गटाचा म्होरक्या. जेपीजी पहिली असली की चाळताना फक्त जेपीजी येते. यादीत तिच्या नावापुढे +.एनईएफ +.एक्सएमपी असं लिहिलेलं दिसतं, म्हणजे जोडी शाबूत आहे की नाही ते नजरेने कळतं. ज्या नावापुढे काहीच नाही, त्या फोटोची रॉ हरवली आहे.

मुख्य फायदा हा की कॉपी, हलवणं, नाव बदलणं, डिलीट ही सगळी कामं पूर्ण गटावर होतात. डिलीटमध्ये रॉ पण जाते हे मात्र पक्कं लक्षात असू द्या. प्रेफरन्सेसमध्ये डिलीट कचरापेटीत जाईल असं ठेवा, आणि निवड चालू असताना घरच्यांच्या हाती कीबोर्ड देणार असाल तर कंट्रोल-डीकडे (डिलीटची कळ) लक्ष ठेवा.

निवडीसाठी मार्क वापरा. सिलेक्ट मेनूतून शो मार्क्स चालू करा. पसंत फोटोवर 1 दाबला की पहिला मार्क लागतो, पुन्हा दाबला की निघतो. शेवटी कंट्रोल-1 ने त्या मार्काचे सगळे निवडा, कंट्रोल-सीने नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा. एनईएफ आणि एक्सएमपी आपोआप सोबत जातील. काम दोन बैठकांत होणार असेल तर प्रेफरन्सेसमध्ये सेव्ह मार्क्स ऑन एक्झिट चालू आहे का ते आधी बघा, नाहीतर पहिल्या दिवशीची निवड वाया जाईल.

ऊन_सावली
गटाचाच मुद्दा डिजिकॅम या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्येही आहे, आणि तो विंडोजवर चालत असल्याने दोन्ही मशीनवर एकच पद्धत ठेवता येईल. जड आहे, सगळ्या फोल्डरची नोंद आपल्या डेटाबेसमध्ये करून घेतो, पहिलं स्कॅन वेळखाऊ असतं. पण तारांकन, टॅग वगैरे हवं असेल तर उपयोगी.

त्यात प्रकार गाळायच्या दोन जागा आहेत, त्यांची गल्लत करू नका. उजव्या पट्टीत फिल्टर्स उघडलं की माइम टाइपची (फाइलीच्या प्रकाराची) निवड मिळते: सगळ्या फाइली, फक्त जेपीजी, रॉ सोडून, फक्त रॉ इत्यादी. हे तात्पुरतं असतं. दुसरी जागा कॉन्फिगर, व्ह्यूज, माइम टाइप्स. तिथे एक्स्टेन्शनच्या आधी उणे चिन्ह लावलं (उदाहरणार्थ उणे टिफ) की तो प्रकार डिजिकॅम हिशेबात घेतच नाही. घरच्यांना फोटो दाखवण्यापुरतं हवं असेल तर दुसऱ्या जागेला हात लावू नका.

जोडीसाठी: सगळे निवडून राइट क्लिक, ग्रुप, ग्रुप सिलेक्टेड बाय फाइलनेम. मग कॉन्फिगरमध्ये मिसलेनियस, ग्रुपिंग. तिथल्या तक्त्यात प्रत्येक कामासाठी पूर्ण गटावर करायचं, नाही करायचं, की दर वेळी विचारायचं हे ठरवता येतं. डिलीटला ‘विचारा’ ठेवा.

झूमलेन्स
थोडी भर. एकच फोटो लागोपाठ दोनदा आला की घरचे म्हणतात, ‘दुसरा फिका का दिसतो?’ एनईएफच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेली जेपीजी असते. व्ह्यूअर तीच दाखवत असेल तर दोन्ही सारखे दिसतात. खरी रॉ उलगडून दाखवत असेल तर कॅमेऱ्याचं पिक्चर कंट्रोल (रंगांची सेटिंग) लागू होत नाही, म्हणून रंग उतरलेले दिसतात. फोटो दाखवताना रॉ समोर आणू नये याचं हेच खरं कारण, नुसती पुनरावृत्ती नव्हे.

पाहुण्यांनी आयफोनवरून दिलेले फोटो त्याच फोल्डरमध्ये टाकत असाल तर .एचईआयसी (फोटो), त्याच नावाची .एमओव्ही (लाइव्ह फोटोची) आणि .एएई असं त्रिकूट येईल. एएईमध्ये फोनवर केलेल्या बदलांची नोंद असते, चित्र नसतं. तेव्हा फक्त जेपीजी ठेवणाऱ्या गाळणीत पाहुण्यांचे सगळे फोटो गायब होतील. एचईआयसी चालू ठेवा.

आणि एक्स्टेन्शनवर चालणारी गाळणी फाइलीच्या आत डोकावत नाही. ब्राउझरमधून उतरवलेली जेपीजी विंडोजवर कधी कधी .जेएफआयएफ नावाने साठते. ती धड जेपीजी असूनही यादीत येणार नाही, नाव बदलून .जेपीजी करा. उलटही होतं: वेबपी (चित्राचा दुसरा प्रकार) फाइलीला कोणीतरी .जेपीजी नाव दिलेलं असतं, ती यादीत येते आणि काही व्ह्यूअर ती उघडत नाहीत. शंका असेल तर हेक्स एडिटरमध्ये पहिले बाइट बघा. जेपीजी एफएफ डी8 एफएफ ने सुरू होते, वेबपीच्या सुरुवातीला आरआयएफएफ ही अक्षरं असतात.

तिपाई
सगळ्यांचे मनापासून आभार. उबंटूवर गीकी ठरलं. एक शंका उरली: कामाला दोन बॉडी (कॅमेरे) असतात आणि दोन्हींची नावं डीएससी_0001 पासूनच. गट नावावरून होत असेल तर चुकीच्या जोड्या लागतील का?

पेंग्विनवाला
लागू शकतात. डिजिटल कॅमेरे डीसीएफ या कॅमेऱ्यांसाठी ठरलेल्या नियमाने चार अक्षरं आणि चार अंक असं नाव देतात. 9999 झालं की अंक पुन्हा 0001 वर येतो, म्हणजे एका बॉडीतही नावं परत येतात, फक्त कार्डावरचा फोल्डर बदलतो. दोन कार्डं एका फोल्डरमध्ये ओतलीत की विंडोज ‘दोन्ही ठेवा’ म्हटल्यावर नावापुढे (2) लावतं. जेपीजी एकदा आणि एनईएफ दुसऱ्यांदा उतरवल्या, आणि दोन्ही वेळी कार्डांचा क्रम उलटसुलट झाला, तर एका बॉडीची जेपीजी दुसऱ्या बॉडीच्या एनईएफशी गटात बसेल. चित्र उघडून बघितल्याशिवाय ते कळणारही नाही.

पुढच्या कामाआधी दुसऱ्या बॉडीच्या शूटिंग मेनूत फाइल नेमिंगमध्ये जाऊन डीएससी ही तीन अक्षरं बदला. तोपर्यंत प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर. जुने फोल्डर एकत्र करायचेच असतील तर आधी प्रत्येकाचं गीकीत गट चालू ठेवून कंट्रोल-आरने नाव बदला, एनईएफ सोबत बदलते, मग एकत्र करा. आणि एका बॉडीवर ॲडोबी आरजीबी लावलेलं असेल तर तिची नावं _डीएससी अशी खालच्या रेघेने सुरू होतात, तिथे टक्कर होत नाही. पण केवळ नावासाठी रंगाची सेटिंग बदलू नका, छपाईवाल्यांकडे रंग बिघडतील.